वळणावरचे गणित



नौपाड्यातल्या गोखले रस्त्यावर संध्याकाळच्या वेळी एखाद्या कोपऱ्यावर पाच मिनिटे उभे राहा. राम मारुती रस्त्याकडे वळणाऱ्या दुचाक्या नीट पाहा. गर्दीमुळे त्यांचा वेग बेताचा असतो आणि वळताना त्या जवळजवळ सरळ उभ्याच असतात. आता रविवारी पहाटे तोच कोपरा पाहा. रस्ता मोकळा असतो. एखादा तरुण भरधाव येतो आणि मोटारसायकल अशी काही आडवी घालतो, की पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकावा. तरीही ती पडत नाही! गंमत अशी, की तीच मोटारसायकल जागेवर उभी असताना एवढी कलवली, तर तत्काळ आडवी होईल. मग धावताना ती का पडत नाही?

याला जोडूनच दुसरा एक प्रश्न माझ्या वर्गात दर वर्षी कोणीतरी विचारतोच. "सर, शर्यतीत स्वार इतके कलतात की त्यांचा गुडघा जमिनीला लागतो. ते तिथे चालते, तर घोडबंदर रस्त्यावर का चालू नये? भौतिकशास्त्राचे नियम दोन्हीकडे सारखेच ना?"

नियम सारखेच आहेत, यात शंका नाही. तरीही उत्तर वेगळे येते. कसे, ते आज पाहू. त्यासाठी एक खोडरबर, एक लाकडी फळी, एक कोनमापक आणि चिमूटभर रवा एवढेच साहित्य लागेल.

कलायचे कशासाठी?

न्यूटनचा पहिला नियम तुम्हांला पाठ आहे. गतिमान वस्तू आपण होऊन सरळ रेषेत जात राहते. तिला वळवायचे असेल, तर वळणाच्या केंद्राच्या दिशेने बल लावावे लागते. दोरीला दगड बांधून फिरवताना हे बल दोरी देते. यालाच अभिकेंद्री बल म्हणतात. मोटारसायकलला तर कोणी दोरी बांधलेली नसते. मग हे बल येते कोठून? ते येते टायर आणि रस्ता यांच्यामधल्या घर्षणातून. दोन्ही चाकांचे रस्त्याला टेकलेले भाग एकत्र केले, तरी ते जेमतेम आपल्या दोन तळव्यांएवढे भरतील. सगळा भरवसा तेवढ्या जागेवर असतो.

म्हणजे वळताना रस्ता टायरला दोन दिशांनी ढकलतो. एक, वजन तोलण्यासाठी वरच्या दिशेने. आणि दुसरे, वळवण्यासाठी आतल्या बाजूला. या दोन बलांचे मिळून एक तिरपे बल तयार होते. मोटारसायकल त्या तिरप्या रेषेतच राहिली, तर तिचा तोल सांभाळला जातो. सरळ उभी राहिली, तर ती वळणाच्या बाहेरच्या बाजूला कोसळेल. म्हणून कलणे ही ऐट नव्हे, ती गरज आहे. किती कलायचे, तेही ठरलेले आहे :

टॅन (कलण्याचा कोन) = वेगाचा वर्ग ÷ (वळणाची त्रिज्या × ९.८)

यात वेग मीटर प्रति सेकंदात आणि त्रिज्या मीटरमध्ये घ्यायची. या सूत्रात वस्तुमान कोठेच नाही, हे तुमच्या लक्षात आले का? स्वार हडकुळा असो की धिप्पाड, कोन तोच.

समजा, वळणाची त्रिज्या ३० मीटर आहे. आकडेमोड केली, तर असे उत्तर मिळते :

ताशी ३० किलोमीटर – सुमारे १३ अंश
ताशी ४० किलोमीटर – सुमारे २३ अंश
ताशी ५० किलोमीटर – सुमारे ३३ अंश
ताशी ६० किलोमीटर – सुमारे ४३ अंश

वेग दुप्पट झाला, तर लागणारे घर्षण चौपट होते. वर्गाची ही करामत ध्यानात ठेवा.

करून पाहा

आता फळी टेबलावर ठेवा आणि तिच्यावर खोडरबर ठेवा. फळीचे एक टोक हळूहळू उचला. खोडरबर बराच वेळ जागेवर राहतो आणि एका क्षणी घसरतो. त्या क्षणी फळीने टेबलाशी केलेला कोन मोजा. याला घर्षणकोन म्हणतात. या कोनाचा टॅन म्हणजेच त्या दोन पृष्ठभागांचा घर्षणांक.

या साध्या प्रयोगात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. ज्या कोनाला खोडरबर फळीवरून घसरतो, त्याच कोनाइतके कललेले त्याच रबराचे टायर तशाच पृष्ठभागावरून घसरेल! दोन्हीकडे प्रश्न एकच असतो : पृष्ठभागावर जितका भार आहे, त्याच्या किती पट घर्षण आपण मागतो आहोत?

कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्याचा घर्षणांक ०.७ धरला, तर घर्षणकोन येतो सुमारे ३५ अंश. रस्ता ओला होऊन घर्षणांक ०.४ वर आला, तर तो येतो सुमारे २२ अंश. आता वरच्या आकड्यांकडे पुन्हा पाहा. कोरड्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाने वळणारा स्वार घसरण्यापासून अवघा दोन अंश दूर आहे. आणि पावसात? ताशी ४० किलोमीटरनेही तो घसरेल.

आता फळीवर चिमूटभर रवा पसरा आणि प्रयोग पाच वेळा करा. कोन कमी येईल, हे तुम्ही ओळखलेच असेल. पण दुसरीही एक गोष्ट दिसेल. पाचही वेळा कोन सारखा येणार नाही. रव्याचे कण कोठे पडले आहेत, त्यावर तो बदलतो. हे विसरू नका. पुढे याचे काम पडणार आहे.

घर्षणाचा खिसा

घर्षण हे खिशातल्या पैशांसारखे असते. वळायलाही त्यातलेच खर्चायचे आणि ब्रेक लावायलाही त्यातलेच. मात्र इथला हिशेब साध्या वजाबाकीचा नाही. तो पायथागोरसचा आहे. एकूण घर्षण १०० धरा. वळण्यात ६० खर्च झाले, तर ब्रेकसाठी ८० उरतात. कारण ६० चा वर्ग अधिक ८० चा वर्ग म्हणजे १०० चा वर्ग. वळण्यात ८० खर्च झाले, तर उरतात ६०. आणि वळण्यात सगळे १०० खर्च झाले, तर ब्रेकसाठी उरते शून्य! अशा क्षणी समोर खड्डा, कुत्रे किंवा एखादे मूल आले, तर ब्रेक असून नसल्यासारखा. तो दाबताच चाक घसरते.

"पण सर, आता गाड्यांना ए. बी. एस. असते ना?" असते. १२५ घन सेंटिमीटरहून मोठे इंजिन असलेल्या नव्या दुचाकींना ती एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली आहे. ही यंत्रणा ब्रेक लावताना चाक जाम होऊ देत नाही, आणि ते फार उपयोगाचे आहे. पण ती घर्षण निर्माण करत नाही. खिसाच रिकामा असेल, तर हिशेबनीस कितीही हुशार असून काय उपयोग?

शर्यतीचा मार्ग

आता शर्यतीच्या मैदानात जाऊ. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर भारतातली पहिली मोटो जी. पी. शर्यत झाली. या दर्जाच्या शर्यतींत मोटारसायकली ६० अंशांहूनही अधिक कलतात. ६० अंशांचा टॅन आहे १.७३. टायरची रुंदी आणि स्वाराची बसण्याची तऱ्हा यांमुळे हिशेब थोडा बदलतो. तरी वजनाहून कितीतरी अधिक घर्षण तिथे मिळवले जाते, हे खरे.

ते कसे मिळते? टायर मऊ रबराचे आणि कोरड्या दिवशी बिनखाचांचे गुळगुळीत असते. शर्यतीपूर्वी त्याला विजेच्या दुलईत गुंडाळून चांगले तापवतात. तापलेले मऊ रबर रस्त्याला घट्ट धरते. स्वार अंग आतल्या बाजूला झोकून देतो, म्हणजे गुरुत्वमध्य आत सरकतो आणि मोटारसायकलला थोडे कमी कलून भागते. गुडघ्यावरची प्लास्टिकची जाड चकती जमिनीला लागली, की आपण किती कललो याचा त्याला अंदाज येतो. म्हणजे गुडघा टेकवणे हे एक प्रकारचे मोजमाप आहे.

पण खरा फरक टायरचा नाही. तिथे सगळी वाहने एकाच दिशेने धावतात. तेच वळण स्वार सरावात अनेक वेळा घेतो आणि दर फेरीत वेग थोडा थोडा वाढवत मर्यादेचा अंदाज घेतो. मार्गावर तेल सांडले, तर पंच निशाण दाखवून कळवतात. इतके करूनही स्वार घसरतो, बरं का! जगातले उत्तम स्वारही घसरतात. फक्त तिथे वळणाच्या बाहेर मोकळी जागा, खडीचे पट्टे आणि हवा भरलेल्या गाद्या असतात. चामड्याच्या जाड पोशाखातला स्वार घसरत जातो आणि बहुधा उठून उभा राहतो.

आणि आपला रस्ता

आता पुन्हा ठाण्यात या. आपल्या रस्त्यावर एकाच वळणात घर्षणांक चार वेळा बदलतो. डांबर संपते आणि पेव्हर ब्लॉक लागतात. मध्येच गटाराचे गुळगुळीत लोखंडी झाकण येते. पादचाऱ्यांच्या पांढऱ्या पट्ट्यांवरचा रंग पावसात निसरडा होतो. पहिल्या पावसात तर रस्त्यावरची धूळ आणि तेल एकत्र येऊन त्यांचा गिलावाच तयार होतो. शिवाय पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. आपण डाव्या बाजूने जातो. त्यामुळे असा रस्ता उजवीकडे वळतो, तेव्हा तो उतार आपल्याला बाहेर ढकलायला मदत करतो.

त्यातच वळणापलीकडचे दिसत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला अडथळा दिसून ब्रेक लावायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात तो सुमारे १७ मीटर पुढे गेलेला असतो. नंतर थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी २० मीटर लागतात. एकूण ३७ मीटर. वळणावर २५ मीटरच दिसत असतील, तर उरलेल्या १२ मीटरांत काय आहे, यावर सारे अवलंबून.

ठाण्याहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलात, तर जवळच जे. जे. उड्डाणपूल सुरू होतो. मोहम्मद अली मार्गावरून नागमोडी जाणारा हा पूल. त्याच्या वळणांवर दुचाकींचे इतके अपघात झाले, की २०१० साली तिथे दुचाकींना बंदी घालण्यात आली.

एक प्रसंग सांगतो. माझा एक विद्यार्थी होता. वळणावर कलण्याचे उदाहरण त्याने परीक्षेत अचूक सोडवले होते; मी पैकीच्या पैकी गुण दिले होते. काही महिन्यांनी तो गायमुखाच्या पुढे एका वळणावर घसरला. रस्ता कोरडा होता, पण कुठल्याशा ट्रकमधून बारीक वाळू सांडलेली होती. डोक्याला हेल्मेट होते म्हणून गळपट्टीच्या हाडावर निभावले. त्यातच, मागून येणाऱ्या बसच्या चालकाने वेळेवर ब्रेक लावला. मी घरी भेटायला गेलो, तेव्हा गळ्यात हात बांधलेला तो पोरगा म्हणाला, "सर, मी मनात हिशेब केला होता. ०.७ धरला होता."

मला काय बोलावे ते सुचेना. कारण फळ्यावर 'घर्षणांक ०.७ आहे असे माना' हे मीच लिहिले होते. वर्षानुवर्षे मी तेच लिहीत आलो होतो.

मित्रांनो, तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. शर्यतीच्या मार्गावर घर्षणांक जवळपास ठाऊक असतो, म्हणून तिथे तो शेवटच्या कणापर्यंत खर्च करता येतो. रस्त्यावर तो कोणी देत नाही. फळीवरचा रवा आठवा. पाच वेळा पाच कोन! जो आकडा आपल्याला ठाऊकच नाही, त्याच्या काठावर जाऊन उभे राहणे याला धाडस म्हणत नाहीत. शिवाय मैदानात घसरणारा स्वार आपली हाडे पणाला लावतो. रस्त्यावर घसरणारा समोरून येणाऱ्याचीही लावतो, आणि त्या बिचाऱ्याला कोणी विचारलेले नसते.

म्हणून जाणते चालक वळण येण्याआधी सरळ रस्त्यावरच ब्रेक लावून वेग कमी करतात. वळणात निम्मे घर्षणही खर्च होणार नाही, असे बघतात. जितके दिसते तितक्यात थांबता येईल, एवढाच वेग ठेवतात. मोटारसायकल वेगाने वळवण्याची हौसच असेल, तर मोठे झाल्यावर चेन्नईजवळच्या किंवा कोइमतूरच्या शर्यतमार्गावर रीतसर शिकता येते. तोवर सायकल आहेच. तिलाही हेच सूत्र लागू आहे.

शेवटी नेहमीप्रमाणे एक उदाहरण. तुमच्या इमारतीच्या फाटकाशी १० मीटर त्रिज्येचे वळण आहे. सायकल जास्तीत जास्त किती वेगाने वळवावी?

घर्षणांक? तो मी मुद्दामच दिलेला नाही. खाली जा, रस्ता पाहा आणि तुम्हीच ठरवा.