गर्भवतीची झोप आणि मधुमेह

गरोदर स्त्रीच्या डोहाळ्यांची चौकशी सारे घर करते. तिच्या झोपेची चौकशी मात्र क्वचितच होते. दिवस भरत आले की झोप मोडायचीच, असे म्हणून तो विषय सोडून दिला जातो. परंतु त्या स्त्रीला मधुमेह असेल, तर मोडलेली झोप ही केवळ गैरसोय राहत नाही.

गर्भारपणाच्या उत्तरार्धात वारेतून स्रवणारी संप्रेरके इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. ही तूट स्वादुपिंडाला भरून काढता आली नाही, की रक्तातील साखर वाढते. भारतात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. १०० मिलिलिटर रक्तद्रवात १४० मिलिग्रॅम किंवा अधिक साखर आढळली, तर गर्भारपणातील मधुमेहाचे निदान होते. ती आवरली नाही, तर मूल प्रमाणाबाहेर वाढते, प्रसूती अवघड होते आणि जन्मताच बाळाची साखर एकाएकी उतरू शकते.

साखर फार वाढली की तहान व लघवी वाढते आणि रात्री वारंवार उठावे लागते. उलटपक्षी, अपुऱ्या झोपेने शरीरावर ताण येऊन इन्सुलिनचा प्रभाव आणखी मंदावतो. अशा रीतीने साखर झोपेला बिघडवते आणि झोप साखरेला.

म्हणूनच झोप कशाने मोडते, हे पाहणे अगत्याचे होय. इन्सुलिन घेणारी स्त्री घाम फुटून, छाती धडधडून जागी झाली, तर साखर ताबडतोब तपासावी. ती ७० मिलिग्रॅमहून कमी भरल्यास लगेच ग्लुकोज किंवा साखरेचे पाणी द्यावे. मोठ्याने घोरणे व मध्येच श्वास अडखळणे हे निद्राश्वसनरोधाचे लक्षण असू शकते. अंथरुणावर पडताच पायांची तळमळ सुरू होत असेल, तर शरीरातील लोहाची तपासणी करून घ्यावी. यांपैकी प्रत्येकावर उपाय निराळा आहे. वैद्यकीय सल्ल्यावाचून झोपेची गोळी घेणे मात्र सर्वथा वर्ज्य.

झोपेची प्रत मोजण्यासाठी १९८९ साली प्रसिद्ध झालेली पिट्सबर्गची प्रश्नावली जगभर वापरली जाते. मागील महिन्यातील झोपेच्या सात अंगांना गुण देऊन बेरीज करतात. २१ पैकी ५ हून अधिक गुण हे निकृष्ट झोपेचे चिन्ह मानतात.

तथापि सर्वांआधी उठणारी आणि सर्वांमागून अंथरुणाला पाठ टेकणारी गृहिणी आपण होऊन झोपेची तक्रार सांगत नाही. तेव्हा साखरेचे आकडे पाहताना वैद्याने, आणि घरातल्यांनीही, तिला विचारावे: रात्री किती वेळा जाग आली, आणि कशाने?