बोरीबंदर, व्हीटी, सीएसएमटी : नाव बदललं की वस्तू बदलते का?

मागच्या वेळी आपण मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादापाशी थांबलो होतो. राजा रथातून आलेला. नागसेन विचारतात, आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? तर हे भाग एका रीतीने जुळले की त्याला आपण व्यवहारात 'रथ' म्हणतो, एवढंच. आज हाच प्रश्न मुंबईच्या एका स्टेशनाला विचारून बघू.

16 एप्रिल 1853 ला पहिली प्रवासी गाडी ठाण्याला गेली ती बोरीबंदरहून. आजची इमारत तेव्हा नव्हतीच. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावर 1878 साली काम सुरू झालं आणि 1888 पर्यंत चाललं. मध्येच, 1887 ला, राणीच्या कारकिर्दीची 50 वर्षं साजरी झाली आणि स्टेशन 'व्हिक्टोरिया टर्मिनस' झालं. 1996 साली 'छत्रपती शिवाजी टर्मिनस', 2017 साली त्यात 'महाराज' आलं. 1925 साली इथून कुर्ल्यापर्यंत देशातली पहिली विजेची गाडी धावली, म्हणजे धूरही गेला. दर्शनी भागावरचा राणीचा पुतळा स्वातंत्र्यानंतर हलला. आता सांगा, 1888 चं स्टेशन ते हेच का?

दगड तरी तेच आहेत की, असं तुम्ही म्हणाल. पण दगड नीट बघितले तर अडचण वाढतेच. घाट इटालियन गॉथिक. पानाफुलांचं, पशुपक्ष्यांचं कोरीवकाम मात्र सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचं. भिंतीवर रेल्वे कंपनीच्या संचालकांचे चेहरे आहेत, त्यांत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय आहेत. फाटकाच्या एका खांबावर ब्रिटनचा सिंह, दुसऱ्यावर हिंदुस्थानचा वाघ. मग ही इमारत कुणाची? साहेबाची म्हणणारे आणि आपल्या कारागिरांची म्हणणारे, दोघंही आम्हाला भेटतात. दोघांची चूक आम्हाला एकच वाटते. एकाने आस उचलली, दुसऱ्याने चाक, आणि दोघंही म्हणतात, हाच रथ.

भाग जुळतात ते वापराने, असं आमचं मत. 2004 साली युनेस्कोने या वास्तूला जागतिक वारसा म्हटलं. इतर वारसास्थळी लोक तिकीट काढतात ते बघायला. इथेही काढतात, पण कल्याणला जायला! 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री याच स्टेशनात गाडीची वाट बघणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. 50 हून अधिक माणसं गेली. तेव्हा एक उद्घोषक आपल्या केबिनमधून लोकांना बाहेर पडायच्या सूचना देत राहिला. रोज गाड्या सांगणारा आवाज लोकांच्या ओळखीचा होता, त्यांनी तो ऐकला.

म्हणजे नावाला काही अर्थच नाही का? तसं आम्ही म्हणणार नाही. राणीचं नाव देणं ही सत्तेची खूण होती; ते पुसून शिवाजी महाराजांचं देणं हेही एक विधानच आहे, आणि ते करायचा हक्क या शहराला होता. फक्त, नाव देणाऱ्यांचा व्यवहार एक आणि घेणाऱ्यांचा दुसरा. टॅक्सीवाल्याला 'सीएसएमटी' सांगा, नेईल. 'व्हीटी' सांगा, तरी नेईल. आमच्यासारख्याने 'बोरीबंदर' म्हटलं तर आधी आरशातून एकदा आमच्या पांढऱ्या केसांकडे बघतो, मग मीटर टाकतो.