मेंढ्यांचा कळप आणि क्यू ताप

आपल्या बेने इस्राएल समाजाची पुष्कळ कुटुंबे दिमोना, येरुखाम, बेर-शेवा अशा नेगेवमधील गावांत राहतात. गावाबाहेर पडले की मेंढ्यांचा कळप दिसतो आणि नातवंडे कोकराला हात लावायचा हट्ट धरतात. अशा धडधाकट दिसणाऱ्या कळपातूनही माणसाला एक ताप येऊ शकतो. त्याला क्यू ताप म्हणतात, हिब्रूत कदाखत क्यू. मेंढ्यांमध्ये याची लागण किती असते आणि त्या आकड्यांवरून आपण काय समजावे, ते येथे सांगत आहोत.

१९३५ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या कत्तलखान्यातील कामगार तापाने आजारी पडू लागले. डॉ. एडवर्ड डेरिक यांना कारण कळेना, म्हणून त्यांनी ‘क्वेरी’, म्हणजे प्रश्न, या शब्दाचे पहिले अक्षर तापाला दिले. पुढे जंतू सापडला आणि त्याचे नाव कॉक्सिएला बर्नेटी पडले. तापाचे नाव मात्र तेच राहिले.

लागण झालेली मेंढी बहुधा आजारी दिसत नाही. एखादी गाभ टाकते, एखादीला अशक्त कोकरू होते, एवढेच. त्यामुळे खुद्द मेंढपाळालाही पत्ता नसतो. मेंढीचे रक्त तपासून त्यात या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली, तर तिला कधीतरी लागण झाली होती एवढे कळते. ती आज जंतू बाहेर टाकते आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

लागण दोन प्रकारे मोजतात: किती मेंढ्यांना आणि किती कळपांत. उत्तर आयर्लंडमधील एका पाहणीत शंभर मेंढ्यांमागे सुमारे १२ मेंढ्यांच्या रक्तात प्रतिद्रव्ये निघाली. पण कळप मोजले, तेव्हा शंभरातील सुमारे ६२ कळपांत निदान एक तरी अशी मेंढी होती. दोन्ही आकडे खरेच आहेत. जगभरच्या पाहण्यांचा २०११ साली आढावा घेतला गेला. त्यात मेंढ्या-शेळ्यांपैकी सरासरी सुमारे १५ टक्के जनावरांत आणि सुमारे २५ टक्के कळपांत लागणीच्या खुणा आढळल्या. म्हणजे हा जंतू दुर्मिळ नाही.

पण आकडा लहान म्हणून धोकाही लहान, असे समजू नये. हॉलंडमध्ये २००८ साली तपासलेल्या मेंढ्यांपैकी जेमतेम अडीच टक्के आणि शेळ्यांपैकी सुमारे आठ टक्के जनावरांत प्रतिद्रव्ये मिळाली. तरीही २००७ ते २०१० या काळात तेथे चार हजारांहून अधिक माणसांना क्यू ताप झाल्याची नोंद झाली. मुख्य कारण होते दुधाच्या शेळ्यांचे काही मोठे गोठे. अखेर सरकारला ५०,००० हून अधिक गाभण जनावरे मारावी लागली.

असे का होते? व्यालेल्या मेंढीच्या वारेत, म्हणजे जारेत, या जंतूंची संख्या अफाट असते. जार सुकते, धुळीत मिसळते आणि वाऱ्याबरोबर दूर जाते. जंतू धुळीत महिनोन्‌महिने टिकतो आणि श्वासावाटे अगदी थोडे जंतू गेले तरी माणसाला लागण होते. मेंढीला हात लावण्याचीही गरज नसते. आपल्या इस्राएलातच २००५ साली मध्य भागातील एका शहरी निवासी शाळेत पुष्कळ विद्यार्थी व कर्मचारी आजारी पडले. वातानुकूलन यंत्रणेतून जंतू पसरला, असा तपासाचा निष्कर्ष होता.

लागण झालेल्यांपैकी निम्म्या लोकांना काहीच त्रास होत नाही. बाकीच्यांना दोन-तीन आठवड्यांनी जोराचा ताप, असह्य डोकेदुखी व घाम येतो. कधी न्यूमोनिया होतो, कधी यकृताला सूज येते. डॉक्सिसायक्लिन या औषधाने बहुतेक जण बरे होतात. मात्र हृदयाची झडप खराब असलेल्या किंवा बदललेल्या माणसाच्या हृदयात हा जंतू ठाण मांडून बसू शकतो, आणि ते जिवावर बेतते. गरोदर स्त्रीचा गर्भ पडण्याचीही भीती असते.

म्हणून मेंढ्या विण्याच्या दिवसांत वाड्याजवळ जाणे टाळावे. गरोदर मुली-सुनांनी आणि हृदयरोग्यांनी तर जाऊच नये. शेतावर काम करणाऱ्यांनी जार उघड्या हाताने उचलू नये. दूध आणि चीज पाश्चरीकृत असेल तेच घ्यावे. आणि ताप उतरत नसेल, तर कुपत खोलिमच्या डॉक्टरांना एक वाक्य आवर्जून सांगावे: “गेल्या महिन्यात आम्ही मेंढ्यांजवळ गेलो होतो.” साध्या रक्त तपासणीत हा रोग ओळखता येत नाही. त्याची वेगळी तपासणी करावी लागते, आणि ती करावी हे डॉक्टरांना सुचायला आपलेच वाक्य उपयोगी पडते.