पाऊण मिलिमीटर सागवान

पावसाळा सुरू झाला की लाकडी दार फुगते आणि चौकटीत अडकते. उन्हाळ्यात तेच दार सैल होते. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात असे आपण शिकतो. मग उन्हाळ्यात दार आकसते कसे? कारण असे, की लाकडावर तापमानापेक्षा हवेतील ओलाव्याचा परिणाम कितीतरी अधिक होतो. या फुगण्या-आकसण्यावर माणसाने जी युक्ती शोधली, तिचे नाव व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. युक्ती तशी फार जुनी आहे. १९२२ साली सापडलेल्या तूतानखामेनच्या थडग्यातील काही वस्तूंवरही असे पापुद्रे चिकटवलेले होते. पण ती नीट समजून घेण्यासाठी आपण एक अलीकडचे कपाट तपासू.

१९५० व १९६० च्या दशकांत डेन्मार्क, अमेरिका इत्यादी देशांत साध्या सरळ रेषांचे, निमुळत्या पायांचे, कोरीव काम नसलेले फर्निचर घरोघरी आले. या शैलीला आज ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ म्हणतात. कॅरा ग्रीनबर्ग यांच्या १९८४ सालच्या पुस्तकामुळे हे नाव रूढ झाले. या फर्निचरमधील एक आवडता प्रकार म्हणजे ड्रेसर, अर्थात कपडे ठेवण्याचे रुंद खणांचे बुटके कपाट. डेन्मार्कमध्ये अशी पुष्कळ कपाटे सागाची होत. साग तेथे उगवत नाही. तो सयाम व ब्रह्मदेशातून जहाजाने जाई. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत वाढतो तोच हा साग. असे कपाट आतून पाहिले तर मात्र नवल वाटते. खरा साग केवळ पृष्ठभागावर, जेमतेम पाऊण मिलिमीटर! मग ही फसवणूक म्हणायची का? वरून कीर्तन, आतून तमाशा?

थोडे गणित करून पाहू.

लाकूड किती हलते?

लाकडातील तंतू खोडाच्या लांबीच्या दिशेने असतात. ओलावा शोषला की तंतू जाड होतात, पण लांब जवळजवळ होत नाहीत. म्हणून फळी रुंदीत फुगते, लांबीत नाही. सागाच्या फळीतील ओलावा एक टक्क्याने वाढला, तर वार्षिक वलयांच्या दिशेने तिची रुंदी सुमारे ०.१९ टक्क्याने वाढते. हवेची सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असताना लाकडात साधारण ८ टक्के ओलावा असतो. ७५ टक्के आर्द्रतेत तो १४ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे फरक ६ टक्के. कपाटाचा माथा ४५ सें.मी. रुंद असेल तर

४५० मि.मी. × ०.००१९ × ६ = सुमारे ५ मि.मी.

अर्धा सेंटिमीटर! ती फळी दोन्ही कडांना खिळ्यांनी जखडली तर तिला हलायला जागा नाही. मग ती वाकते किंवा तडकते.

आता पापुद्रा घ्या. फुगण्याची ओढ त्यालाही असते. पण तो इतका पातळ असतो, की त्याचे बळ थोडे पडते. खालच्या जाड पाटाला घट्ट चिकटवल्यावर पाट त्याला हलू देत नाही. पाट प्लायवूडचा असेल तर त्यातील लगतचे थर एकमेकांशी काटकोनात असतात. एका थराची रुंदी दुसऱ्याच्या लांबीने बांधली जाते. असा पाट ऋतुमानाप्रमाणे फारसा बदलत नाही. तेव्हा व्हिनिअर ही लबाडी नसून अभियांत्रिकी आहे.

काटकसरही आहे. २५ मि.मी. जाडीच्या एका फळीइतक्या लाकडातून ०.७ मि.मी.चे सुमारे ३५ पापुद्रे निघतात. लाकूड वाफेने मऊ करून मोठ्या पात्याने कापतात, त्यामुळे करवतीसारखा भुसाही पडत नाही. त्या काळी काही कपाटांना ब्राझीलच्या रोझवुडचा पापुद्रा लावीत. ही झाडे इतकी घटली, की १९९२ पासून त्यांच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधने आहेत. असा पापुद्रा खराब झाला तर तसाच दुसरा मिळणे कठीण.

करून पहा

एका पातळ पुठ्ठ्याच्या एकाच बाजूस खळ लावून कागद चिकटवा व वाळू द्या. वाळताना कागद आकसतो आणि पुठ्ठा कागदाच्या बाजूस वाकतो. तापवलेली द्विधातू पट्टी वाकते, तसेच हे. दुसऱ्या पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी कागद चिकटवा. तो सपाट राहील, कारण दोन्ही ओढी समान व विरुद्ध आहेत. म्हणूनच चांगला कारागीर पाटाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूसही पापुद्रा लावतो.

कपाट पारखताना

जुने कपाट घेणाऱ्याने प्रथम माथ्यावर डोळा टेकवून पाहावे. पाट वाकलेला नसावा. मग नखाने हलके ठोकत जावे. जेथे सरस सुटला असेल तेथे पापुद्र्याखाली हवा असते आणि आवाज पोकळ येतो. पायांजवळचा तळ तपासावा. आत भुशाचा दाबलेला पाट असेल आणि त्यात पाणी मुरले असेल, तर तो फुगतो व पुन्हा मूळ आकारात येत नाही. कडांवर फिकट पट्टे दिसले तर कोणीतरी पॉलिश पेपरने घासून पापुद्रा संपवला आहे असे समजावे. शेवटी खणांवरील रेषा पाहाव्यात. एकाच ओंडक्याचे लागोपाठचे पापुद्रे ओळीने लावलेले असले, तर नक्षी एका खणावरून दुसऱ्यावर अखंड जाते. ती मध्येच तुटली तर खणांची अदलाबदल झाली असेल, किंवा एखादा खण नंतर बसवलेला असेल.

निगा कशी राखावी?

ओलावा स्थिर ठेवणे हे पहिले सूत्र. कपाट शेगडी, हीटर व ओल्या भिंतीपासून दूर असावे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण लाकडातील लिग्निनचे विघटन करतात व रंग बदलतो. खिडकीची साधी काच हे सर्व किरण अडवीत नाही. म्हणून पडदा हवा.

गरम कप ठेवला की पांढरे वर्तुळ उमटते. मिठाचा खडा पारदर्शक, पण मिठाची पूड पांढरी दिसते, कारण असंख्य पृष्ठभागांवरून प्रकाश विखुरतो. तसेच लाखेच्या लेपात वाफ शिरून सूक्ष्म पोकळ्या झाल्या की लेप पांढरा दिसतो. हा डाग लेपातच असतो. वाळू दिल्यावर पुष्कळदा फिका होतो. काळा डाग निराळा. हिरडा व हिराकस यांपासून पूर्वी शाई करीत. त्याचप्रमाणे लाकडातील टॅनिन व ओल्या डब्याचे लोखंड यांचा संयोग होऊन काळा रंग बनतो. तो लाकडात उतरलेला असतो.

डाग कोणताही असो, पॉलिश पेपर हाती घेण्यापूर्वी पाऊण मिलिमीटर आठवावा. जाड फळी पुन्हा पुन्हा घासता येते, पापुद्रा नाही. पुसण्यास किंचित दमट फडके, रेषांच्या दिशेने, आणि लगेच कोरडे फडके एवढे पुरे.

एक इशारा. तेल पाजलेल्या लाकडाला काही जण जवसाचे तेल लावतात. हे तेल वाळते म्हणजे हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते, आणि त्यात उष्णता निर्माण होते. तेलाच्या फडक्यांचा बोळा करून टाकला तर ती उष्णता आतच साठते आणि फडकी आपोआप पेटू शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

आता तुमच्या शाळेतील एखाद्या लाकडी फळीची रुंदी मे महिन्यात व पुन्हा ऑगस्टमध्ये मोजा. दोन्ही वेळा मोजपट्टी धातूची, आणि खूण त्याच जागी. फळी सागाची असेल, तर आलेला फरक वरच्या सूत्रात घालून तिच्यातील ओलावा किती बदलला ते तुम्हालाच काढता येईल.