गळपट्टा आणि गळ्यातला आवाज

व्हँकुव्हरच्या यलटाउन किंवा फॉल्स क्रीक भागात, अथवा शेजारच्या बर्नबीतील मेट्रोटाउनमध्ये, ज्या उंच इमारतींतून आज असंख्य कुटुंबे नांदत आहेत तेथे कुत्रा पाळणाऱ्या गृहस्थाला आपला कुत्रा कोणाला चावेल याची जितकी धास्ती नसते, तितकी तो आपल्या माघारी भुंकत राहील याची असते. कारण चावण्याचा प्रसंग एखाद्या वेळीच यायचा, पण भुंकण्याचा रोज येतो, आणि भिंतीपलीकडे ज्याचे शयनगृह आहे त्या शेजाऱ्याला तो रोज ऐकू जातो. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सदनिकाधारकांच्या सामायिक संस्थेला ‘स्ट्रॅटा’ म्हणतात. तिच्यासाठी कायद्यालाच जोडून दिलेले जे नमुना पोटनियम आहेत, त्यांप्रमाणे एका सदनिकेत एक कुत्रा किंवा एक मांजर ठेवण्याची मुभा असते, इतरांना अवाजवी गोंगाटाचा उपद्रव देण्यास मनाई असते, आणि पोटनियमाचा भंग झाल्यास 50 डॉलरपर्यंत दंड बसू शकतो. भंग चालूच राहिला तर दर 7 दिवसांनी पुन्हा. भाडेकरूची अवस्था याहून नाजूक. प्राणी ठेवू द्यायचा की नाही हे ठरवण्याचा अखत्यार घरमालकाचा, आणि ठेवू दिला तर अर्ध्या महिन्याच्या भाड्याइतकी वेगळी अनामत रक्कम तो मागू शकतो. यावर व्हँकुव्हर महानगरपालिकेचा ध्वनिनियंत्रणाचा उपविधी आहे, आणि फिर्याद नोंदवण्यासाठी 311 हा दूरध्वनी क्रमांक आहे.

मराठी माणसाला ही धास्ती नवी आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या मळ्यात किंवा कोकणातल्या वाडीत कुत्र्याचे भुंकणे हीच त्याची चाकरी होती. रात्री तो भुंकला नाही तरच घरधनी अस्वस्थ व्हायचा. ज्या गुणासाठी सहस्रावधी वर्षे मनुष्याने या प्राण्याला दाराशी बांधले, तोच गुण विसाव्या मजल्यावर अपराध ठरावा, आणि तो अपराध आहे हे त्या बिचाऱ्याला कोणत्याही मार्गाने कळू नये, यात मला त्या प्राण्यावर झालेला मोठा अन्याय दिसतो. शेजाऱ्याची तक्रार खोटी असते असे मात्र नव्हे. रात्रपाळी करून सकाळी निजणारी परिचारिका किंवा तान्ह्या मुलाची आई यांना शांततेचा हक्क आहेच. दोन्ही बाजू अशा सच्च्या असताना मालक कोंडीत सापडतो, आणि प्राण्यांच्या वस्तूंच्या दुकानात टांगलेला, थोडक्या डॉलरांत शांततेची हमी देणारा एक पट्टा त्याच्या नजरेस पडतो.

हा पट्टा हातात घेऊन नीट पाहावा. वरून तो नायलॉनचा साधा पट्टाच. पण त्यावर प्लॅस्टिकची एक छोटी डबी बसवलेली असते आणि डबीच्या आतल्या बाजूने धातूच्या दोन बोथट खुंट्या बाहेर आलेल्या असतात. या खुंट्या केसांच्या थरातून थेट कातडीला भिडाव्यात म्हणून पट्टा चांगला आवळून बांधावा लागतो. कुत्रा भुंकला की कंठाचे कंपन किंवा आवाज डबीतील यंत्रास समजतो आणि दोन खुंट्यांमधून विजेचा झटका त्याच्या मानेला बसतो. दुसऱ्या जातीचा पट्टा मालकाच्या हातातील यंत्रावरून चालतो. त्यावर झटक्याची पायरी कमीजास्त करण्याची सोय असते, आणि केवळ सूचक ध्वनी किंवा थरथर देण्याचीही असते. खुंट्या फार काळ एकाच जागी रुतून राहिल्या तर तेथे जखमा होतात. आवाजावर चालणाऱ्या पट्ट्याची आणखी एक खोड अशी की, घरात दुसरा कुत्रा भुंकला तरी पहिल्याला झटका बसण्याचा संभव राहतो. याखेरीज ओढताच गळा आवळणारी साखळी, आतून बोथट दाते असलेला लोखंडी पट्टा, आणि भुंकताच नाकासमोर सिट्रोनेला तेलाचा फवारा उडवणारा पट्टा हेही बाजारात आहेत.

फवाऱ्याच्या पट्ट्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण विजेपेक्षा तो सौम्य म्हणून पुष्कळ सहृदय माणसे तो घेतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात मालकांना विजेच्या पट्ट्याहून हाच अधिक परिणामकारक वाटला होता. परंतु बेलफास्टच्या डेबोरा वेल्स यांनी 2001 मध्ये दाखवून दिले की, दिवस जातात तशी कुत्र्यांना त्या वासाची सवय होत जाते आणि भुंकणे पुन्हा वाढू लागते.

शिक्षेने प्राणी शिकतो की नाही, असा प्रश्न केला तर त्याचे प्रामाणिक उत्तर ‘शिकतो’ असेच आहे. जर्मनीत कोन्राड मोस्ट याने 1910 मध्ये लिहिलेल्या श्वानशिक्षणाच्या ग्रंथापासून अमेरिकेतील विल्यम केलर याच्या 1962 च्या पुस्तकापर्यंत, सैन्याच्या आणि पोलिसांच्या कुत्र्यांची एक संपूर्ण परंपरा साखळीच्या हिसक्यावर उभी राहिली, आणि ते कुत्रे हुकमाप्रमाणे वागत असत हे नाकारता येणार नाही. खरा प्रश्न, त्या झटक्यातून प्राणी नेमके काय शिकतो, हा आहे. शिक्षा सफल व्हायची तर ती अपराधाच्या क्षणीच घडली पाहिजे, प्रत्येक वेळी घडली पाहिजे आणि कशाबद्दल घडली याविषयी प्राण्याच्या मनात संदेह उरता कामा नये. यंत्र पहिल्या दोन अटी एकवेळ पाळील. तिसरी पाळणे त्याच्या हाती नाही. कुत्रा खिडकीशी उभा आहे, खाली रस्त्यावरून बाबागाडीत एक मूल चालले आहे, कुत्रा भुंकतो आणि मानेत कळ उठते. आपल्या आवाजामुळे कळ उठली असे त्याने समजावे ही पट्टा करणाऱ्याची अपेक्षा. पण त्याच्या डोळ्यांसमोर आहे ते मूल, आणि कळ व मूल यांची सांगड त्याच्या मनात पक्की बसली तर पुढे पट्टा असो वा नसो, बाबागाडी दिसताच तो भयाने किंवा क्रोधाने पेटून उठेल. गुरगुरणे ही तर कुत्र्याने दिलेली पूर्वसूचना असते. ती सूचनाच शिक्षेने दाबून टाकली तर आतले भय तसेच राहते, आणि एखाद्या दिवशी तो कुत्रा कोणतीही आगाऊ वर्दी न देता चावतो.

महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या सत्राची जी कथा आरंभीच येते, ती या विषयाचा विचार करताना मला फार महत्त्वाची वाटते. कुरुक्षेत्री सत्र चालू असता सरमा नावाच्या देवशुनीचा पुत्र तेथे आला आणि जनमेजयाच्या भावांनी त्याला बडवून काढले. तो रडत आईकडे गेला. तुझा काही अपराध घडला असेल, असे आईने म्हणताच त्याने सांगितले की, आपण हविर्द्रव्याकडे पाहिले नाही आणि त्यास जीभही लावली नाही. सरमेने सत्रात जाऊन जाब विचारला. कोणी उत्तर दिले नाही. तेव्हा निरपराध्याला मारल्याबद्दल तुमच्यावर अकल्पित भय कोसळेल, असा तिने शाप दिला, आणि त्या शापाच्या शांतीसाठी योग्य पुरोहित शोधत राजाला फिरावे लागले. आपल्या परंपरेने इतक्या मोठ्या ग्रंथाच्या उंबरठ्यावर एका कुत्रीची फिर्याद मांडली आहे, आणि तिची मागणी एवढीच आहे की, शिक्षा झाली तर तिचे कारण मार खाणाऱ्याला कळले पाहिजे. विजेच्या पट्ट्याने ज्याला कळ पोचते त्या कुत्र्याला ते कारण पुष्कळदा कळत नाही. कोठून येते हे न दिसणारे भयच तेवढे त्याच्या वाट्यास येते.

पट्ट्याच्या कैवाऱ्यांचा सर्वांत बळकट युक्तिवाद असा असतो की, मेंढरांमागे धावणाऱ्या किंवा हाक ऐकून परत न येणाऱ्या हट्टी कुत्र्याला गोडीगुलाबीने वळण लागत नाही. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाने नेमकी अशीच कुत्री घेऊन या दाव्याची परीक्षा केली. एकूण 63 कुत्री, प्रत्येकी 21 चे तीन गट. दोन गटांचे शिक्षक पट्टा-उत्पादकांच्या संघटनेनेच सुचवलेले, त्यांपैकी एका गटास पट्ट्याने शिकवायचे आणि दुसऱ्यास पट्ट्यावाचून. तिसरा गट बक्षिसावर भर देणाऱ्या शिक्षकांकडे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात पट्ट्याच्या गटात कोणत्याही बाबतीत वरचढपणा आढळला नाही. उलट ‘ये’ आणि ‘बस’ या आज्ञा एका हाकेत पाळण्यात बक्षिसाचा गट सरस ठरला. त्याच वर्षी पोर्तुगालमधील संशोधकांनी पोर्तो परिसरातील शाळांत शिकणाऱ्या 92 कुत्र्यांची लाळ तपासली, तेव्हा कठोर शिक्षेच्या शाळांतील कुत्र्यांमध्ये शिकवणीनंतर कॉर्टिसॉल या ताणदर्शक द्रव्याचे प्रमाण वाढलेले दिसले. ती वारंवार ओठ चाटत आणि जांभया देत, आणि ज्या भांड्यात खाऊ असेलही किंवा नसेलही अशा भांड्याकडे अधिक निराशेने जात. ही शेवटची गोष्ट वाचल्यापासून माझ्या मनातून गेलेली नाही. शिकवणीच्या तासापुरती वेदना वेगळी आणि एकंदर जगाकडून काही चांगले मिळेल ही आशाच क्षीण होणे वेगळे.

मग भुंकण्याचे करायचे काय? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे होऊ द्यायचे नसेल तर आधी कुत्रा का भुंकतो हे शोधले पाहिजे, आणि त्याचा स्वस्त उपाय प्रत्येकाच्या खिशात आहे: आपण घराबाहेर जाताना मोबाइल किंवा जुना टॅबलेट चित्रण करीत ठेवावा. जो कुत्रा मालक गेल्यावर तासाभराने जिन्यातल्या पावलांना दोनदा भुंकून पुन्हा झोपतो, आणि जो दार लागल्याच्या दुसऱ्या मिनिटापासून येरझाऱ्या घालतो, लाळ गाळतो, चौकट ओरबाडतो आणि विव्हळत राहतो, ते दोघे शेजाऱ्याच्या कानाला सारखेच; पण पहिल्याला केवळ चाहूल लागली आहे आणि दुसरा एकटेपणाच्या भयाने ग्रासलेला आहे. पहिल्यासाठी खिडकीच्या खालच्या भागाला धूसर कागद लावणे, बाहेरचा आवाज झाकण्यासाठी पंखा किंवा रेडिओ लावणे आणि बाहेर पडण्यापूर्वी त्याला मनसोक्त हुंगत फिरवून आणणे एवढ्याने बहुधा काम भागते. दुसऱ्याला पट्टा बांधणे म्हणजे भ्यालेल्या जिवाला आणखी भिवविणे होय. त्याच्यासाठी एकटे राहण्याची मुदत त्याला सोसेल तेवढ्याच अंशाने, क्षणाक्षणाने वाढवावी लागते, आणि दुखणे खोल असेल तर पशुवैद्याच्या देखरेखीखाली क्लोमिप्रामीन किंवा फ्लुओक्सेटीनसारखी औषधे काही काळ द्यावी लागतात. म्हातारा कुत्रा एकाएकी रात्री भुंकू लागला तर दुखणे, बहिरेपणा किंवा बुद्धिभ्रंश यांची तपासणी आधी.

दारावरच्या टकटकीला भुंकणाऱ्या कुत्र्याचे शिक्षण मी जवळून पाहिले आहे. घरातल्याच एकाने बाहेर जाऊन दारावर अगदी हलके, एका बोटाने वाजवायचे. कुत्र्याचे कान उभे राहतात, मान दाराकडे वळते. तो भुंकण्यापूर्वीच्या त्या अर्ध्या क्षणात ‘शाबास’ म्हणून उकडलेल्या कोंबडीचा तुकडा त्याच्या अंथरुणावर टाकायचा. काही वेळा असे झाले की टकटक होताच तो दाराकडे न जाता अंथरुणाकडे पाहू लागतो. मग आवाज थोडा वाढवायचा. घाई केली आणि कुत्रा भुंकला, तर रागवायचे नाही. एक पायरी मागे यायचे. याला आठवडे लागतात हे खरे. परंतु टकटक म्हणजे काहीतरी चांगले, हा त्याला झालेला बोध बॅटरी संपली म्हणून नाहीसा होत नाही. श्वानबुद्धीचे अभ्यासक स्टॅन्ली कोरेन याच शहरातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात अध्यापन करीत. सामान्य कुत्र्यास सुमारे 165 शब्द समजू शकतात असे त्यांचे अनुमान आहे. इतके समजणाऱ्या प्राण्याशी विजेच्या भाषेत बोलण्याची निकड कोणाला का वाटावी!

भोवतालची परिस्थिती सुधारणे हेही शिक्षणाचेच अंग आहे. दिवाळीच्या आगेमागे येणाऱ्या हॅलोवीनच्या रात्री येथे घरोघरी फटाके उडत आणि कुत्री पलंगाखाली थरथरत बसत. महानगरपालिकेने 2020 च्या नोव्हेंबरपासून नागरिकांना फटाके विकण्यास व उडवण्यास बंदी केली. ट्राउट लेक, स्पॅनिश बँक्स, न्यू ब्रायटन अशा ठिकाणी साखळीविना हिंडण्यासाठी राखीव जागा आहेत, आणि हिवाळ्यात चार-सव्वाचारला अंधार पडणाऱ्या पावसाळी गावात तेथपर्यंत रोज जाणे कष्टाचे असले तरी, दिवसभर कोंडलेल्या कुत्र्याच्या भुंकण्यावर त्याहून चांगला उतारा माझ्या पाहण्यात नाही.

कायद्याकडे पाहिले तर, विजेच्या पट्ट्यांना वेल्स या देशाने 2010 मध्ये बंदी केली. जर्मनीच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने 2006 मध्ये त्यांचा वापर बेकायदा ठरवला. ब्रिटिश कोलंबियात अशी सरसकट बंदी नाही. येथील प्राणिक्रूरता-प्रतिबंधक संस्था, म्हणजे 1895 मध्ये स्थापन झालेली बी.सी. एस.पी.सी.ए., वेदना किंवा भय यांवर चालणाऱ्या साधनांना उघड विरोध करते. पण श्वानशिक्षकाच्या धंद्यास या प्रांतात परवाना लागत नाही, कोणीही इसम उद्या पाटी लावून शिक्षक म्हणवू शकतो. म्हणून या संस्थेने ‘अ‍ॅनिमलकाइंड’ नावाची मान्यतेची योजना सुरू केली असून तिच्या यादीतील शिक्षकांना असली साधने वापरता येत नाहीत. ज्यांना यादीबाहेरचा शिक्षक पत्करावा लागेल त्यांनी पैसे देण्यापूर्वी त्याला एवढे विचारावे की, कुत्रा बरोबर वागला तर तुम्ही त्याला काय देता आणि चुकला तर काय करता; आणि उत्तर संदिग्ध आले तर कुत्र्याची दोरी त्याच्या हाती देऊ नये. स्ट्रॅटाचे पत्र आले असेल तर त्यास मुदतीत लेखी उत्तर द्यावे, चित्रणावरून काढलेली भुंकण्याच्या वेळांची नोंद आणि पशुवैद्याची चिठ्ठी सोबत जोडावी, काय उपाय चालू केले आहेत ते लिहावे आणि सुधारणेसाठी काही आठवड्यांची सवलत मागावी. शेजाऱ्याकडे मात्र पत्र पाठवण्याऐवजी स्वतः जाऊन, कुत्रा नेमका कोणत्या वेळी भुंकतो हे त्याच्याच तोंडून ऐकून घ्यावे. चित्रणात न सापडलेली वेळ पुष्कळदा त्यालाच ठाऊक असते.