आज्ञावलीवरून वर्गाकृती : उपयोग आणि मर्यादा

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात टेंभली हे गाव आहे. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच गावी देण्यात आले. त्या बारा अंकांमागील यंत्रणेची आज्ञावली सर्वांस खुली नाही. त्यामुळे तिची अंतर्रचना बाहेरील अभ्यासकास तपासता येत नाही. परंतु तशाच कार्यासाठी बंगळूरच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत २०१८ साली आरंभिलेली 'मोसिप' ही ओळखयंत्रणा मात्र खुली असून ती मुख्यत्वे जावा भाषेत लिहिलेली आहे. अशा विस्तीर्ण आज्ञावलीची रचना जाणण्याचे एक साधन म्हणजे वर्गाकृती, अर्थात क्लास डायग्राम, होय.

वर्गाकृतीत प्रत्येक वर्ग चौकटीने व वर्गांमधील संबंध रेषांनी दर्शवितात. वारशाच्या रेषेचे पोकळ त्रिकोणी टोक मूळ वर्गाकडे असते. प्रथम आकृती व मग आज्ञावली, हा शास्त्रोक्त क्रम होय. येथे तो उलट होतो. प्रथम विश्लेषक आज्ञावली वाचून तिचा वाक्यरचना-वृक्ष तयार करतो. त्यातून अभ्यासकाने लिहिलेली छोटी आज्ञावली, म्हणजे स्क्रिप्ट, हवे ते वर्ग व संबंध निवडून 'डॉट' भाषेत उतरविते. शेवटी 'ग्राफविझ' हे साधन चौकटींच्या जागा ठरवून चित्र काढते. यांत स्क्रिप्टचे महत्त्व विशेष आहे. शेकडो वर्ग एकाच कागदावर मांडले तर केवळ रेषांचे जाळे दिसते. म्हणून काय वगळावयाचे याचा निर्णय हाच खरा अभ्यास ठरतो.

या पद्धतीस मर्यादाही आहेत. एक वस्तू दुसरीचा अविभाज्य घटक आहे, की केवळ तिच्याशी निगडित आहे, हा भेद जावातील घोषणेवरून निश्चित कळत नाही. दोन्ही ठिकाणी लिखाण सारखेच असते. तसेच, कोणता वर्ग प्रत्यक्ष कार्य करील हे पुष्कळदा आज्ञावली चालू असताना ठरते. आकृतीतील रेषा केवळ त्याच्या 'इंटरफेस'पर्यंत पोहोचते.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हे. कष्टाने झिजलेल्या बोटाचा ठसा यंत्राने नाकारला, तर शेतमजुरास दुसरा मार्ग आहे काय? ठसा, डोळ्यांची बुबुळे आणि सांकेतिक अंक यांच्या पडताळणीचे वर्ग एकाच इंटरफेसखाली आहेत की काय, हे आकृती दाखवू शकते. परंतु ठसा नाकारल्यावर त्या दुसऱ्या मार्गाकडे आज्ञावली वळते की तेथेच थांबते, हे ती सांगत नाही. त्यासाठी त्या पद्धतींचे लिखाण वाचावे लागते आणि नकाराचा प्रसंग मुद्दाम घडवून पाहावा लागतो. कोणत्या वर्गापासून वाचनास आरंभ करावा एवढे आकृती सांगते. पुढील शोध अभ्यासकानेच घ्यावयाचा असतो.