प्रकाशाचा आरसा आणि तिसरी तार

कापडाच्या धंद्यात उजेडाशी आमचा रोजचा संबंध. दुकानातील पांढऱ्या ट्यूबखाली पसंत केलेला मरून दुपट्टा घरच्या पिवळ्या दिव्याखाली तपकिरी दिसला, की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन हजर! म्हणून रंगाचा वाद निघाला की आम्ही थान उचलून सरळ दारात, दिवसाच्या उजेडात नेतो.

थोरल्या सुनेने बाथरूमसाठी मागून उजेड देणारा आरसा पसंत केला, तेव्हा आम्ही याच तजुर्ब्याने पाहिले. खोक्यावर ‘के’ अक्षरापुढचा आकडा वाचावा. ३००० म्हणजे पिवळट, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. चेहऱ्याला ४००० च्या आसपासचा उजेड बरा. दुसरा आकडा सीआरआयचा. तो ९० च्या वर असेल तर लाल रंग लालच दिसतो. हे दोन्ही आकडे विक्रेत्याला विचारले तेव्हा त्याने आमच्याकडे असे पाहिले, जणू आम्ही त्याची जन्मतारीख विचारली.

या आरशात जादू काही नाही. काचेमागील चांदीचा मुलामा ठरावीक पट्ट्यात खरवडलेला असतो आणि त्यामागे एलईडीची पट्टी. आमच्या काचवाल्या कारागिरांना हे काम अवघड नाही. पट्टी चालते १२ किंवा २४ व्होल्टवर, घरची वीज २३० ची. मधले काम ड्रायव्हर नावाची डबी करते. दोन फूट बाय तीन फूट आरशाच्या कडेने साधारण तीन मीटर पट्टी लागते. मीटरला १४.४ वॅटची पट्टी असेल तर ४३ वॅट झाले. तेथे ६० वॅटचा ड्रायव्हर द्यावा. बेताचा दिला तर तो तापतो आणि सर्वांआधी तोच जातो. बाथरूमसाठी मालावर निदान आयपी ४४ ची खूण हवी, म्हणजे उडणाऱ्या पाण्यापासून बचाव.

इथवर आमची हुशारी चालली. पुढची गोष्ट मिस्त्रीने दाखविली.

आरसा लागणार होता बेसिनच्या वर. तेथेच आमची अम्मी फजरच्या वेळी वुजू करते. हात ओले, पाय ओले, नजर अधू. मिस्त्रीने प्रथम आरशाला हातच लावला नाही. बोर्डावर फेज आणि न्यूट्रलमध्ये त्याने बल्ब धरला, लख्ख पेटला. फेज आणि अर्थमध्ये धरला, पेटलाच नाही. (हा प्रयोग घरच्यांनी करू नये.) पट्टी उघडली तर हिरवी तार आत कापून, टेप गुंडाळून ठेवलेली. “चाचा, ही तिसरी तार नुसती शोभेची आहे,” तो म्हणाला.

त्याच बोर्डावर आमचा गिझर सहा वर्षे चालत होता. घराची दुरुस्ती करणाऱ्या ठेकेदाराने वायरिंगचे पैसे पुरते घेतले होते, आणि आम्ही, जे थानाचा काठ बोटाने चाचपल्याशिवाय माल उचलत नाही, त्यांनी ती पट्टी कधी उघडून पाहिली नव्हती. त्या रात्री आम्हास झोप लागली नाही.

काम चार दिवस लांबले. मीटरच्या खोलीतील अर्थिंग तपासून तेथून नवी हिरवी तार वर आणली. मेन बोर्डावर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसविली. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत यावा. तितका फरक पडला, म्हणजे करंट कोणाच्या अंगातून किंवा भिंतीतून निसटला, तर ही डबी क्षणार्धात वीज तोडते. तिच्यावर ‘टी’ लिहिलेले बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. मात्र ती आहे म्हणून अर्थिंग नको, असे मिस्त्री म्हणू देत नाही. आरशाचा स्विच दाराबाहेर घेतला. हा सारा खर्च आरशाच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक झाला. सुनेने कुरकुर केली नाही, आम्हीच थोडी केली.

मग आरसा बसविणे तासाभराचे काम. पाच मिलिमीटर जाडीची एवढी काच सात किलोच्या आसपास भरते, म्हणून स्क्रू व गिट्टी चांगल्या प्रतीच्या घ्याव्यात. टाइलवर चिकटपट्टी लावून, हॅमर बंद ठेवून भोक पाडावे. टाइल पार झाल्यावरच हॅमर. नळाच्या सरळ वरची रेघ सोडावी, तेथे पाइप असण्याचा संभव. कडेला सिलिकॉन भरायचे तर सिरक्यासारखा वास येणारे नको. ते मुलाम्याला खाते आणि आरशाला काळे डाग पडतात.

अम्मी आता दाराबाहेरचे बटण दाबून आत जाते. आमच्या मजल्यावरील आणखी दोन घरांनी मिस्त्रीला बोलाविले. एका घरात अर्थिंग ठीक निघाले. दुसऱ्यात हिरवी तारच नव्हती. तेथील गिझर सध्या बंद आहे आणि काम रविवारी ठरले आहे.